लाखोरीची परात

ब्रह्मपुरीच्या स्टेशनात छोट्या लाईनची गाडी लागली तेव्हा मी डब्यात चढलो, आणि माझा मोठा भाऊ सदूभाऊ बाहेर बैलगाडीतच बसून राहिला. व्हायचं होतं ते नेमकं उलट. भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहत होता. त्यासाठी एक मुकादम आमच्या भागात धट्टीकट्टी माणसं हेरत फिरत होता, आणि उन्हाळ्यात त्यानं सदूभाऊला आमच्या आखाड्यात नाल उचलताना पाहिलं होतं. नाल म्हणजे आतून पोखरलेला जाडजूड दगड, पोकळीत धरायला मूठ ठेवलेली. एका हातानं मूठ पकडायची आणि दगड खांद्यावरून डोक्यावर न्यायचा. मुकादमानं तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, की दसरा झाला की हा जवान माझा. दसरा झाला तेव्हा त्या जवानाला बैलगाडीतून खाली उतरवायला दोन माणसं लागत होती. म्हणून त्याच्या जागी मी चाललो होतो. मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाऊच आहे ना, चालेल, असं काहीसं हिंदीत पुटपुटला. बाजारात हवं ते वांगं मिळालं नाही की माणूस जसा उरलेलं उचलतो, तसं त्यानं मला उचललं.

माय डब्याच्या खिडकीशी उभी होती. "तिथी लाजू नोको," ती म्हणाली. "पोटभर खाजो." घर सोडून निघालेल्या प्रत्येकानं हे ऐकलेलं आहे. तुम्हीही ऐकलं असेल, आणि तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नसेल. मलाही वाटलं नाही. आमची ती गाडी अशी सुस्त, की एके काळी सदूभाऊ तिच्या बरोबरीनं पळत पुढच्या फाटकापर्यंत जायचा आणि आतली माणसं त्याला पाहायला खिडक्यांशी गोळा व्हायची. त्या दिवशी गाडी हलली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं आणि बैलांच्या पाठीवरच्या माशा हाकलत बसला.

गावी राहिलेले तुम्ही मला दर खेपेला विचारता, की आता पेन्शन झाली, क्वार्टर सुटला, तर गावात येऊन का राहत नाही. आणि माझ्यासारखेच घर सोडून भिलाईत आलेले इथले लोक विचारतात, की बाबा तू सुट्टीला गावी जाऊन आलास की आठवडाभर असा गप्प का असतोस. दोघांनाही आजवर मी थापा मारत आलो. आता थापा मारून सांभाळावं असं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव वैनगंगेपासून जवळ. आम्ही तळ्यात जाळं टाकणारे लोक, शिवाय धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन शेतं. बा आम्ही लहान असतानाच गेला. त्याचं एकच वाक्य मला धड आठवतं, "मासा तळ्याचा, पोट आपलं." सदूभाऊ माझ्याहून मोठा आणि अंगानं तर तिपटीनं मोठा. मी म्हणजे घरातलं काडीपैलवान प्रकरण. बारा महिने सर्दी, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. त्यामुळे ताटातला मोठा वाटा सदूभाऊचा, हे आमच्या घरी न बोलता ठरलेलं होतं आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे. वाढवावं तर जे वाढतंय त्याला, हा साधा हिशेब होता.

आखाडा गावाबाहेर मारुतीच्या पारामागे होता. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आत तेल-हळद-ताक घालून मऊ केलेली लाल माती. एका बाजूला मुद्गलांच्या जोड्या आणि ती नाल. तिथले वस्ताद गणपतभाऊ स्वतः शेतकरी, गावातली सगळ्यांत देखणी बैलजोडी त्यांची. सकाळी दंड-बैठका, जोर, मग नाल, मग कुस्ती, आणि सगळं झालं की खुराक. हा खुराक हीच आमच्या आखाड्याची खरी ख्याती. शहरातले पैलवान दूध-बदाम खातात हे वस्तादांना माहीत होतं. पण बदाम आमच्याकडे कोणी आजारी पडल्यावरसुद्धा दिसत नसत. वस्तादांनी त्यावर तोड काढली होती ती लाखोरीची. कुठे कुठे तिला लाखेची डाळ म्हणतात. धान उभं असतानाच बांधीतल्या चिखलात तिचे दाणे फेकायचे. धान कापलं की ती आपली आपण वर येते, ना नांगर लागत ना पाणी. आमच्याकडे बैलांनाही लाखोरी घालायचे. वस्ताद म्हणत, "बैल लाखोरी खाऊन दिवसभर नांगर वढते. मंग मानूस काऊन नाई वढनार?"

हे ऐकून आज कोणी हसेल. तेव्हा कोणी हसलं नाही, कारण त्यांचे बैल खरोखरच दांडगे होते.

तर रोज सकाळी एक मोठी पितळी परात मातीच्या कडेला मांडली जायची. तिच्यात रात्रभर भिजवलेली लाखोरी, वर मीठ, कधी गुळाचा खडा. प्रत्येक पोरानं घरून ओंजळभर आणायची आणि त्या परातीत टाकायची. मग सगळ्यांनी गोल बसून त्यातच खायचं. कुणब्याचा पोर, आमचा, गोंडाचा, तेल्याचा, सगळ्यांचे हात एका परातीत. वस्तादांचा नियमच होता, ज्याला वेगळं बसून खायचं त्यानं मातीतही वेगळंच लोळावं. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराचं गाव होतं ते. विहिरींचेसुद्धा वाटे पडलेले होते. तिथे ही परात होती. मी आखाड्यात कधी काही उचललं नाही, मुद्गल फिरवताना स्वतःच्याच डोक्यात घालून घेतला तेवढाच माझा पराक्रम. पण खायला मात्र मीही त्या गोलात बसायचो. आयुष्यात पुढे कँटीनी पाहिल्या, मेसी पाहिल्या, लग्नांच्या पंगती पाहिल्या. त्या परातीभोवती बसल्यावर जसं आपण कोणाचे तरी आहोत असं वाटायचं, तसं पुन्हा कुठे वाटलं नाही.

मग ते कोरडं वर्ष आलं. ऐन पोटरीत पाऊस गेला आणि धान उभं वाळलं. तळं आटलं, म्हणजे मासेही गेले. चिखलाच्या उरल्यासुरल्या ओलीवर एकटी लाखोरी तगली. फाल्गुनात ती घरात आली आणि मग आमच्या घरात दुसरं काही शिजेना. सकाळी लाखोरीचं पीठ घालून आंबील, दुपारी लाखोरीची डाळ नुसतीच, संध्याकाळी तिच्याच पिठाच्या भाकरी. वर आखाड्यातली परात होतीच. त्या वर्षी नागपंचमीला आजूबाजूच्या गावांची दंगल आमच्याकडे भरणार होती. नाल उचलण्यात सदूभाऊ सगळ्यांना भारी पडणार याची गावाला खात्री होती. गावाला त्या वर्षी खात्री बाळगायला दुसरं होतंच काय.

आषाढात त्याच्या पोटऱ्या जड वाटायला लागल्या. सकाळी उठल्यावर पाय ताठ व्हायचे, आखाड्यापर्यंत चालत गेला की जरा सुटायचे. एकदा बैठका मारताना तो बसला तो उठेचना, आणि सगळे हसले. वस्तादांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि निदान केलं, की मेहनत वाढली, त्या मानानं खुराक कमी पडतो. सांगितलं, दुप्पट कर. सदूभाऊनं घरी येऊन मायला सांगितलं. मायनं विचारलंसुद्धा नाही की दुप्पट आणायची कुठून. त्या दिवसापासून ती तिच्या ताटातलं काढून त्याच्या ताटात घालायला लागली. तिची भाकर, तिची डाळ. मी सांगतो हे मी पाहिलेलं आहे. तो नको म्हणायचा आणि ती म्हणायची, "खा. तुह्यानं घर उभं आहे." आणि पाय जितके आखडत गेले तितकं ती त्याला जास्त वाढत गेली.

नागपंचमीला त्यानं नाल उचलली. हे लोक विसरतात, म्हणून लिहून ठेवतो. नाल डोक्यावर गेली होती, हात सरळ होता, ढोल वाजत होता. दगा दिला तो पायांनी. दोन्ही गुडघे एकमेकांकडे ओढले गेले, टाचा वर उचलल्या गेल्या आणि तो उभाच्या उभा बाजूला कोसळला. नाल मातीत रुतली. लोकांना वाटलं कंबरेत उसण भरली. वैदूनं तेल दिलं, देवऋषीनं नारळ मागितला. पुढे तो काठी घेऊन चालायला लागला, तोही कसा, तर चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, कात्रीची पाती एकमेकांवरून जावीत तसे पाय टाकत. त्या वर्षी गावात आणखी दोघा पोरांचे पाय असेच गेले. ज्यांच्या घरी जुना तांदूळ शिल्लक होता त्यांना काही झालं नाही. त्यावरून गावानं निष्कर्ष काढला, की गरिबाच्याच मागे देव लागतो.

भिलाईत मी पोचलो तेव्हा तिथे कारखाना कमी आणि चिखल जास्त होता. लेबर कँपात पत्र्याच्या ओळी होत्या. एका ओळीत पंजाबी, एकीत आंध्राकडचे, एकीत छत्तीसगढी, मधेच आमच्यासारखे चुकार. शिफ्ट, गेटपास, हेल्मेट, ओव्हरटाइम हे शब्द मी मराठीसारखेच बोलायला लागलो. आठ-पंधरा दिवसांत मला कळलं, की कँपामागे काही लोक सकाळी जमतात. एका वेल्डरनं भंगारातल्या लोखंडी गोळ्यांना कड्या जोडून दिल्या होत्या आणि हे लोक त्या कडीला धरून गोळा दोन पायांमधून झुलवून वर नेत. म्हणजे आमची नालच, फक्त लोखंडाची. मी नुसता बघायला गेलो, आणि कोणीतरी एक हलका गोळा माझ्या हातात दिला.

मी तिथे माणसात आलो. चणे, दूध, कँटीनची उकडलेली अंडी, पोटभर भात. वर्षभरात माझे दंड भरले, छाती भरली, ती बारमाही सर्दी कुठे गेली कळलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी न्हाव्याच्या आरशात मी स्वतःला उघड्या अंगानं पाहिलं तर समोर सदूभाऊ उभा. तोच खांदा, तीच मान. मला आनंद व्हायला हवा होता. मी सदरा चढवला आणि दाढी अर्धीच टाकून उठलो. ते शरीर माझं नव्हतं, माझ्याकडे चुकून आलं होतं.

पुढच्या थंडीत माझ्या गँगमधल्या बुधरामबरोबर मी त्याच्या गावाजवळच्या आठवडी बाजाराला गेलो. बाजारात शिरतो तोच एक माणूस समोरून आला. काठी टेकत, चवड्यांवर, गुडघे घासत. मी जागच्या जागी थांबलो. माणूस वेगळा, चेहरा वेगळा, पण चाल माझ्या भावाची. थोडं पुढे कपड्याच्या दुकानापाशी तसाच दुसरा. मी बुधरामला विचारलं, यांना काय झालं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाऊस कशानं पडतो ते विचारत होतो. तिवरा, तो म्हणाला. दुष्काळात नुसता तिवराच खाल्ला की तरण्या माणसाचे पाय जातात, कष्टाळू माणसाचे आधी जातात, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी विचारलं, तिवरा म्हणजे काय. तो मला दाणेवाल्याकडे घेऊन गेला आणि एक मूठ उचलून माझ्या तळहातावर ठेवली. राखाडी, कोपरे असलेले दाणे होते. आमची लाखोरी.

मला राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना. कोणी दुष्टपणा केला असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे ज्यानं त्यानं सदूभाऊवर मायाच केली होती.

रजा काढून गावी गेलो. आखाड्यात परात तशीच चालू होती आणि नव्या पोरांचे हात तिच्यात होते, म्हणजे गप्प बसायची सोय नव्हती. सदूभाऊ तळ्याच्या पाळीवर बसून जाळं विणत होता. हात अजून तसेच, दोऱ्याची गाठ मारली की दगडासारखी. मी त्याला सगळं सांगितलं. तो विणत राहिला. मग जाळं मांडीवर ठेवलं.

"पोरायले आजच सांगावं लागन," तो म्हणाला. "पन मायले नाई. तिनं आपल्या ताटातली काढून मले वाढली. हे तिले समजलं त तिचं कसं होईन?"

मी म्हणालो, गावात कळल्यावर तिच्यापासून कसं लपणार. तो म्हणाला, "तिले आपन नालेचं सांगू. कंबरेत उसन भरली म्हनू. माहे पाय आहेत, मी म्हनीन तेच खरं."

वस्तादांना सांगायला मी गेलो. ते गोठ्यात होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "माह्या बैलायले त काई झालं नाई." ते परत तेच म्हणाले, पण या वेळी विचारल्यासारखं. मग बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले, आणि मला त्यांची इतकी दया आली की मीच उलट म्हणालो, कदाचित तसं नसेलही. दुसऱ्या दिवशी परात मांडली गेली नाही. काही दिवस त्यांनी पदरचे चणे भिजवले, पण ते किती पुरणार. ज्यांच्या घरी खायला होतं ते घरी खाऊ लागले, ज्यांच्या घरी नव्हतं ते यायचे थांबले. पोरांचे पाय वाचले, आखाडा मोडला. पुढच्या पावसाळ्यात छपराचं गवत कुजून आत पडलं. आणि ती सगळी पोरं पुन्हा आपापल्या विहिरीवर गेली.

मायला आम्ही नालेचं सांगितलं. एका बाहेरच्या डॉक्टरला विचारलं, कंबरेची शीर दबली म्हणतो, असं मी रचून सांगितलं. तिनं मान हलवली. एकही प्रश्न केला नाही. त्या सालापासून तिनं बांधीत लाखोरी टाकणं बंद केलं आणि जवस टाकायला लागली. लाखोरीला आता कोणी विचारत नाही, असं शेजारणीला म्हणाली. आम्ही दोघं भाऊ सुटकेचा श्वास टाकून मोकळे झालो. एवढे शहाणे होतो आम्ही.

दोन वर्षांत माझं लग्न झालं, क्वार्टर मिळाला, मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाला माय आणि सदूभाऊ छोट्या लाईनची गाडी, मग गोंदियाहून मोठी गाडी, असं करत भिलाईला आले. शेजारचे पंजाबी, तेलुगू सगळे जमले होते. बायकोनं बाळाला मायच्या मांडीवर दिलं, खिरीची वाटी पुढे केली आणि म्हणाली, पहिला घास तुम्हीच द्या. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माह्या हातानं नोको," ती म्हणाली.

बायकोला वाटलं, विधवा म्हणून मागे सरते आहे. आम्ही तसलं काही मानत नाही, ती हसून म्हणाली, आणि वाटी आणखी पुढे सरकवली. मायनं सदूभाऊच्या पायांकडे पाहिलं. ते सतरंजीवर एकमेकांवर आडवे पडलेले होते.

"तसं नाई वो बाई," ती म्हणाली. "एका लेकराले चारलं म्या ह्या हातानं. पाहून राह्यली ना तू."

कोणाला काही समजलं, कोणाला नाही. मला समजलं, आणि मी खाली पाहिलं. तेव्हापासून आम्ही तिला खोटं सांगत होतो आणि ती आमच्यासाठी ते खोटं खरं मानून घेत होती. सदूभाऊ हातांवर जोर देत सरकत तिच्याजवळ गेला. त्यानं ती वाटी उचलून तिच्या पुढ्यात धरली. "माय," तो म्हणाला, "मले भूक लागली. मले चार." मग तिनं हात बाहेर काढला आणि खीर त्याच्या तोंडात घातली. त्यानं सगळी वाटी तिच्या हातून खाल्ली, लहान पोरासारखी. बाळाला घास माझ्या बायकोनं दिला.

माय त्यानंतर पुष्कळदा आली. नातवाला तिनं न्हाऊ घातलं, खांद्यावर निजवलं, त्याच्या तापात उशाशी बसली. भरवलं मात्र एकदाही नाही. आणि गावी गेलो की मी आणि सदूभाऊ, दोघंही केस पांढरे झालेले बाप्ये, चुलीजवळ बसून तिला वाढायला लावायचो, आणखी मागून मागून खायचो. ती वाढायची. पण जेवून मी उठलो की दारापर्यंत जाईस्तोवर तिची नजर माझ्या पावलांवर असायची, टाच टेकते की नाही ते पाहत. घर म्हणजे काय विचारलं तर मला एवढंच सांगता येतं. ती नजर गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तिच्यामागून सदूभाऊही गेला. तिथे पुतण्या राहतो, आग्रहानं जेवू घालतो. अजूनही त्या घरात ताटावरून उठलो की मी आधी दोन्ही टाचा जमिनीला नीट टेकवतो आणि मगच चालायला लागतो.